दोघांची गाडी

देवास, मार्गशीर्ष वद्य तृतीया, शके १८३०

चिंतामणराव, नमस्कार.

गेल्या सोमवारी सकाळी मी महूच्या छावणीत एका पारशाच्या दुकानाच्या पायरीवर बसून होतो. दुकान उघडायला अवकाश होता. आदला मुक्काम इंदुरास केला, पहाटेची आगगाडी धरली आणि स्नानसंध्या स्टेशनाजवळच्या विहिरीवर उरकली. जवळ एक सुतळी होती. तुमचे धाकटे चिरंजीव, आमचे जावईबापू मोरेश्वरराव, यांनी इंदुरात जे बिऱ्हाड घेतले आहे, त्याच्या दाराची रुंदी एका गाठीने आणि जिन्याखालच्या जागेची लांबी दुसऱ्या गाठीने तिच्यावर धरली होती.

बारशाच्या दिवशी तुम्ही मंडळी न जेवता उठून गेलात, त्यानंतरचे माझे हे पहिलेच पत्र. तुमचेही आले नाही. आला तो निरोप, तुमच्या उमाशंकर गुमास्त्याच्या तोंडी. वासंतीला नवऱ्याकडे पाठवायची वेळ झाली. इंदुरात दुसरे बाईमाणूस नाही, मूल धरायला मांड्या नाहीत. तेव्हा आजोळच्या पाळण्याऐवजी या खेपेस बाबागाडी द्यावी, आणि ती एका बाळाची पुरे. जुळ्यांतले दुसरे बाळ धारेस तुमचे थोरले चिरंजीव भैयासाहेब आणि सावित्रीबाई यांच्याकडे राहील, त्यांना मूलबाळ नाही; पुढे मुहूर्त पाहून दत्तविधान होईल. उमाशंकर निघताना उंबऱ्यात थांबला आणि पुन्हा म्हणाला, "एकाच बाळाची बरं का, पंत."

साहेबलोकांच्या बायका विलायतेस परतताना गाड्या विकून जातात, त्या हा पारशी डागडुजी करून ठेवतो. तीन होत्या. एक वेताची, बुटकी, लहान चाकांची. ती इंदुरातल्या गटाराच्या फरशीत अडकेल. दुसरी उंच, मोठ्या चाकांची, खाली लोखंडी कमानी, वर कातड्याचा टप. ढकलली की नावेसारखी हलते, मूल जागे होणार नाही. तिसरी तशीच, पण लांब. तिच्या दोन्ही टोकांना बैठक आणि दोन टप आहेत, मुले समोरासमोर पाय करून बसतात.

मी दुसरीला सुतळी लावली. दारातून जाते, जिन्याखाली मावते. पारशाने विचारले, बच्चा कितने महिने का. मी म्हटले, दोन आहेत, जुळे. तो तिसरीकडे वळला. मी म्हटले, नको, एकासाठीच हवी.

"तो दूसरा पैदल जाएगा, पंडितजी?" असे म्हणून तो हसला. थट्टाच होती, मीही हसलो.

गाडी घेतली नाही. टप कातड्याचा आहे, आणि तान्ह्या मुलाच्या अंगाशी कातडे चालते की नाही, ते विचारून घ्यावे असे वाटले. विचारून कळवतो.

दोन्ही बाळे खुशाल आहेत, वासंती खुशाल आहे. विहीणबाई माईंना वासंतीची आई नमस्कार सांगते आहे.

नीलकंठ


देवास, पौष शुद्ध अष्टमी

चिंतामणराव, नमस्कार.

पत्र पोचले. तुम्ही लिहिता, पीपलरावां गावच्या शाळेत पंतोजी छडी घेऊन उभे राहिले की नीलकंठाच्या पोटात दुखू लागे, कातड्याचे निमित्त त्यातलेच. ही आठवण तुम्हाला आहे, याचे बरे वाटले. आपण दोघांनी एकाच धुळपाटीवर अक्षरे गिरवली. पुढे मी माझी मुलगी तुमच्या घरी दिली आणि त्या दिवसापासून तुम्हाला अहोजाहो करू लागलो. तशी रीतच आहे.

बारशाबद्दल जे लिहिले आहे, त्याला उत्तर देणे भाग आहे. गोविंद घ्या, गोपाळ घ्या म्हणत बायका पाळण्याखालून मूल एकमेकींकडे देतात. जिने घेतले तिने ते परत द्यायचे असते. सावित्रीबाईंनी धाकट्याला घेतले आणि पदराखाली धरून बसल्या. माई म्हणाल्या, "घेतला तो घेतला, आता परत कशाला?" सगळ्या बायका हसल्या. वासंतीची आई हसली नाही. ती पुढे झाली आणि तिने मूल त्यांच्या मांडीवरून उचलले. तुम्ही लिहिता, भरल्या घरात सुनेच्या हातून मूल ओढून घेतले. मी दारातून पाहत होतो. ओढले नाही, उचलले. पण सावित्रीबाईंचे हात तसेच पुढे राहिले, हेही मी पाहिले. तुम्ही भरल्या पानावरून उठलात ते कशामुळे, हे मला कळत नाही असे नाही.

आता मुख्य गोष्ट. मी विरुद्ध आहे असे समजू नये. आमच्या वेदमूर्तींना विचारले. सख्ख्या भावाचा मुलगा घेणे सर्वांत उत्तम, तो एकुलता नसला म्हणजे झाले. मूल परक्या घरी जात नाही. गोत्र तेच, कुलदैवत तेच, आजा तोच. भैयासाहेबांसारखा सज्जन मनुष्य मी धार दरबारच्या कचेरीत दुसरा पाहिला नाही. शिवाय वासंतीचे दूध दोघांना पुरत नाही, गायीचे द्यावे लागते. इंदुरात माडीवरच्या दोन खोल्यांत ती एकटी पोर, नवरा दिवसभर शाळेत शिकवणार. पाणी आणायला खाली उतरली तर दोघांना कुठे ठेवील? सगळ्या बाजूंनी पाहिले तर तुमचे म्हणणे रास्त आहे. मी तसे आमच्या घरात सांगितले. त्यावर वासंतीच्या आईने दोन दिवस माझ्याशी बोलणे सोडले. जेवण वेळेवर वाढले.

आमच्या समोरचे मानाजीराव शिलेदार तुम्हाला आठवत असतील. माझे घर थोरल्या पातीत, त्यांचे धाकट्या पातीत, मध्ये एक गल्ली. दोन भावांनी राज्य वाटून घेतले तेव्हापासून देवासात सगळे दोन दोन आहे. दोन दरबार, दोन कचेऱ्या. मानाजीराव आमच्या नातवांना नावाने हाक मारीत नाहीत, थोरली पाती आणि धाकटी पाती असेच म्हणतात. परवा ओट्यावर येऊन बसले.

"काय पंत, सुना है, धाकटी पाती धारला चालली?"

मी म्हटले, तसे घाटते आहे.

"चालू द्या, भिया. घरातलंच आहे. पण सरहद्दीचे दगड आधीच रोवून घ्या." मग पान लावता लावता त्यांनी त्यांच्या शेताच्या बांधावरच्या एका चिंचेची हकीकत सांगितली. ते झाड कोणत्या पातीतले, याचा वाद त्यांच्या आजोबांच्या वेळेपासून चालू आहे. दोन्ही दरबारचे अंमलदार येऊन पाहून जातात. निकाल लागेपर्यंत तिला हात लावायची मनाई आहे. "चिंचा खाली पडून किडतात," ते म्हणाले, "आम्ही बाजारातून विकत आणतो."

तुम्ही लिहिता, थोरला की धाकटा हे आजोळच्या आजोबांनी निवडावे, धारेकडून जबरदस्ती नाही. यात तुमचे मोठेपण आहे. मी रोज कचेरीतून आल्यावर हातपाय धुऊन दोघांना पुढे घेऊन बसतो. फरक फार नाही. ओळख पटावी म्हणून धाकट्याच्या पायात काळा दोरा बांधला आहे. थोरला दूध घाईने पितो. धाकटा बराच वेळ दिव्याकडे बघत राहतो. काल दोघांनीही माझ्या करगोट्याची किल्ली धरली आणि कोणी सोडीना. यावरून काय निवडायचे ते अजून उमगलेले नाही. उमगले की महूस जातो.

नीलकंठ


देवास, माघ वद्य चतुर्थी

चिंतामणराव, नमस्कार.

गाडी घेतली. लांब असलेली, दोन टपांची.

उमाशंकरकडून कळण्याआधी ते माझ्याकडून कळावे म्हणून लिहितो. कारणही लिहितो, कारण तुम्ही ते विचारालच.

रथसप्तमीच्या दुसऱ्या दिवशी वासंती मागच्या पडवीत मुलांना न्हाऊ घालून पुसत होती. तोवर या बाबतीत मी तिच्याशी एक शब्द बोललो नव्हतो. मुलीला असले काही विचारायची आपल्याकडे पद्धत नाही. विचारले तर ती मोठे म्हणतील तसे म्हणेल, असे मी धरून चाललो होतो. त्या दिवशी म्हटले, तुझ्या सासऱ्यांनी निवड माझ्यावर टाकली आहे, तुझ्या मनात काय आहे? ती पुसत राहिली. एकाला पुसून झाले, दुसऱ्याला घेतले. मग म्हणाली,

"तुम्ही निवडा, नाना. पण न्याल तेव्हा मला सांगू नका. मी अंगणात तुळशीकडे तोंड करून बसेन. आत आले की जो उरला असेल त्याला पाजीन."

ती रडली नाही.  मी देवघरात जाऊन बसलो. जप झाला नाही, माळ नुसती हातात होती.

चिंतामणराव, मी अजूनही म्हणतो, शास्त्राची हरकत नाही. पण दुसऱ्या दिवशी वेदमूर्तींकडे पुन्हा गेलो आणि ते वचन परत म्हणायला सांगितले. त्यात प्रीतीने दिलेला मुलगा असे शब्द आहेत. पहिल्या वेळी मी त्यांच्याकडे लक्ष दिले नव्हते. तुमच्या घरी सगळे प्रीतीने घेणारे आहेत, यात शंका नाही. देणारी मात्र तुळशीकडे तोंड करून बसणार आहे. मग निवडायला मी बसलो नाही. कातड्याचे मी पूर्वी लिहिले होते, त्यात अर्थ नव्हता. महूस पहिल्या खेपेला मी त्या एकट्याच्या गाडीचा दांडा धरून उभा होतो आणि पुढे पाऊल पडले नाही. का, ते मला तेव्हा सांगता आले नसते.

पारशाने ओळखले. सुतळी लावून पाहिली. लांबीने ती जिन्याखाली जेमतेम बसते, बोटभर बाहेर राहील. वळवायला जड आहे. दोघे बसले की चढावर एकट्या बाईला ढकलणे कठीण जाईल. पण चाके मोठी आहेत आणि कमानी चांगल्या. पाणी भरायला जाताना दोघे एका जागी डोळ्यांपुढे राहतील. इंदुरासारख्या ठिकाणी ती दोघांना कशी सांभाळणार, हा जो तुमचा प्रश्न होता, त्याला माझ्यापाशी एवढेच उत्तर आहे. पुरेसे आहे असे मी म्हणत नाही.

एक अडचण आली. आपण रिकामा पाळणा हलवीत नाही. मग रिकामी गाडी छावणीपासून स्टेशनापर्यंत ढकलत कशी न्यायची? मजूर करून डोक्यावर न्यावी, तर एवढी मोठी वस्तू कोणी उचलीना. प्रवासात देवांची पेटी माझ्याजवळ असतेच. तिच्यातल्या बाळकृष्णाचे स्मरण करून पेटी एका टोकाला ठेवली. गाडी त्या अंगाला कलली, म्हणून दुसऱ्या टोकाला धोतरजोडी आणि पाण्याचा तांब्या ठेवला, तेव्हा ती नीट चालू लागली. वाटेत एक मडम थांबली. तिने हसून, वाकून टपाखाली पाहिले. मग माझ्याकडे पाहिले आणि चालू लागली.

जावईबापूंना सगळे लिहून विचारले होते. त्यांचे कार्ड आले, वडील म्हणतील तसे. मला त्यांचा राग नाही. त्यांच्या वयात मीही हेच लिहिले असते.

गाडी आता आमच्या पडवीत आहे. न बोलावता मुलीला सासरी धाडत नाहीत, म्हणून मी तुमच्या बोलावण्याची वाट पाहतो. शेजारच्या बायका वासंतीला विचारू लागल्या आहेत की धारेची मंडळी कधी येणार. बोलावणे तिला दोन्ही मुलांसकट यावे, एवढीच विनंती आहे.

नीलकंठ


इंदूर, फाल्गुन शुद्ध एकादशी

चिंतामणी,

तुझे उत्तर आले नाही, उमाशंकर आला. त्याने सांगितले, आधी एक मूल धारेस पोचवावे, मग सुनेला इंदुरास जायचे बोलावणे निघेल. तोवर तिने माहेरीच राहावे. गाडी दोघांची घेतलीच आहे, तर ती माहेरच्या अंगणात फिरवावी. हे शेवटचे बोलणे तुझे की त्याच्या पदरचे, ते मी विचारले नाही. त्याला जेवू घालून पाठवले.

त्यानंतर मी कचेरीत रजा मागितली. मानाजीरावांकडे त्यांची दमणी मागायला गेलो. कुठे जायचे ते ऐकून त्यांनी पान थुंकले.

"बिनबोलावता? पंत, मुलीचा बाप आहात तुम्ही. धारवाले तुम्हाला दारात उभं करणार नाहीत."

मी म्हटले, धारेस जात नाही, इंदुरास जातो, तिच्या नवऱ्याकडे.

"एकच हुआ ना, भिया," ते म्हणाले, आणि मग स्वतः उठून बैल जोडू लागले. वाटेत मुलांना ऊन लागेल म्हणून आपल्या घरातली जाड पासोडी दमणीवर बांधून दिली.

क्षिप्रेवर बैल सोडले. मी स्नान केले, वासंतीने मुलांना पाजले.  वाटेत तिने एकदा विचारले, त्यांना कळवलं आहे का? मी नाही म्हटले. कळवले असते, तर त्यांना तुला विचारावे लागले असते.

इंदुरात त्यांच्या गल्लीत दमणी जात नाही. तोंडाशी बैल थांबवून मी मागे बांधलेली गाडी सोडवली. दोघांना समोरासमोर बसवले, टप ओढले आणि ढकलू लागलो. वासंती पदर घेऊन मागून येत होती. गटाराच्या फरशीवर चाके अडली नाहीत. बायका दारात आल्या. एका म्हाताऱ्या बाईने वाट अडवून दोन्ही टपांखाली पाहिले आणि विचारले, "कुणाची रे बाबा ही?"

"मोरेश्वररावांची," मी म्हटले.

"दोघंही?"

"दोघंही."

तिने दोघांवरून हात ओवाळून कानशिलावर बोटे मोडली आणि वाट दिली.

आवाज ऐकून तुझा मुलगा माडीवरून खाली आला. शेवटच्या पायरीवर थांबला. पाया पडायचे त्याला सुचले नाही. त्याने विचारले, "बाबांचं बोलावणं गेलं होतं?"

मी नाही म्हटले. तो पायरीवरून उतरला नाही. गल्लीतल्या बायका बघत होत्या, वासंती भिंतीला लागून उभी होती, जमिनीकडे पाहत. तिथे थोडा उतार आहे, म्हणून मी दांडा सोडला नव्हता. मी म्हटले, "दोघांना घेऊन आलो आहे. परत न्या म्हणालात तर दोघांना नेईन. एकाला नेणार नाही, आणि एकाला ठेवणार नाही."

 मला वाटले, तो वडिलांचे नाव घेईल, आणि मी गाडी वळवायच्या तयारीला लागलो. ती वळवायला जड आहे, दोन वेळा मागेपुढे करावे लागते. त्यात धाकटा एका अंगाला घसरला. मोरेश्वर पायरी उतरून आला, त्याने त्याला काखांत धरून वर उचलले आणि छातीशी घेतले. कसे धरायचे ते त्याला नीट येत नव्हते, मान मागे जात होती. वासंतीने पुढे होऊन त्याचा हात मानेखाली लावून दिला. मग तो मला म्हणाला, "थोरल्याला तुम्ही घ्या. जिना अंधारा आहे, जपून या."

नातू झाल्यावर मुलीच्या घरी जेवायला हरकत नसते, म्हणून मी तिथे जेवलो. जेवताना मोरेश्वर म्हणाला, "बाबांना मी लिहीन." मी म्हटले, तुम्ही लिहा, पण आधी माझे पत्र जाऊ द्या. जो राग यायचा तो आधी माझ्या नावावर येऊ दे. वासंतीने मला आणा म्हटले नव्हते, मोरेश्वरने बोलावले नव्हते. करणी माझी एकट्याची आहे.

सावित्रीबाईंचे दुःख माझ्या करण्याने कमी झाले नाही, वाढलेच असेल. त्यावर माझ्यापाशी उपाय नाही, आणि असल्यासारखे मी लिहिणार नाही. देवापुढे त्यांचे नाव घेतो. त्याचा त्यांना काय उपयोग, ते देव जाणे.

तू पुन्हा माझ्याशी बोलशील असे मी धरून चाललेलो नाही. बोललास तर मी देवासातच आहे.

दत्तविधानाचा मुहूर्त काढला असेल, तर गुरुजींना कळवावे की या घरातून मूल यायचे नाही. आज सकाळी मी वासंतीचा निरोप घेतला. ती आणि तिची दोन्ही मुले तिच्या घरी आहेत. मी त्यांना पोचवले.

नीलकंठ